चौथी नसलेली शाळा

मस्तगडचा चढ चढताना मी मध्येच थांबले. धाप लागली नव्हती. वर शाळेतून माझ्या वर्गाचा आवाज येत होता, आणि तो माझ्या वर्गाचा नव्हताच. तेवीस एके तेवीस, तेवीस दुणे सेहेचाळीस. सगळ्या पोरी एका सुरात, शेवटचा आकडा लांबवत, जणू कुणी दोरीने ओढावं तसा. माझ्या एका हातात काळ्या मातीचं गाठोडं होतं, दुसऱ्या हातात पांढऱ्या मातीचं, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी. मोतीतलावाच्या काठावरून आणि पलीकडच्या पडक्या गढीवरून ही माती गोळा करण्यात मला उशीर झाला होता. गोजर नावाच्या माझ्या एका पोरीला प्रश्न पडला होता, की त्यांच्या घराची भिंत पावसात ढासळते आणि शेजारच्यांची का ढासळत नाही. त्या प्रश्नाचं सामान घेऊन मी येत होते. मला राग यायला हवा होता. पण झालं भलतंच. ते तेवीस त्रिक एकोणसत्तर कानावर पडलं आणि माझी पावलं आपोआप त्या ठेक्यात पडायला लागली. बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, तापातून उठल्यावर पहिला भात खाताना वाटतं तसं. आणि मग त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली.

शाळा म्हणजे बद्रीनारायण शेटांची जुनी कापसाची वखार. मधे भिंत घालून दोन खोल्या केलेल्या. भिंतीच्या फटींतून अजून सरकी आणि कापसाची बोंडं निघतात, आणि वारं सुटलं की पोरींच्या केसांत पिंजलेले धागे अडकतात. पहिली आणि दुसरी नरहर मास्तरांकडे, तिसरी माझ्याकडे. चौथी नाही. चौथी काढायची तर हैदराबादच्या सरकारची इजाजत लागते, आणि ती इजाजत द्यायची की नाही हे बघायला औरंगाबादेहून शाळा तपासणारे नाझिर साहेब येणार होते. मी आत गेले तेव्हा नरहर मास्तर माझ्या फळ्यापुढे उभे होते, हातात छडी, पण मारायची नव्हे, ताल धरायची. फळ्यावर मी रोज दोन तारखा लिहिते, सरकारी हुकुमाप्रमाणे फसली आणि त्याखाली आपली तिथी. त्यांनी तिथी पुसून तिथे पाढा लिहिला होता.

"या प्रेमलाबाई," ते म्हणाले. "तुम्ही न्हाई आल्त्या, मंग म्या म्हणलं पोरी रिकाम्या कशाला बसवा. बघा, घटकाभरात कसा सूर लागला."

"पोरी रिकाम्या नव्हत्या मास्तर. त्यांना आपापलं काम होतं."

"ते काम नाझिर साहेबाला दिसत न्हाई ना बाई," त्यांनी छडी काखेत धरली. "हे ऐकू येतं."

त्यांच्यावर चिडणं सोपं होतं, आणि मी चिडले नाही असं म्हणणार नाही. पण नरहर मास्तर वाईट माणूस नव्हे. पोरीला ताप असला तर घरी जाऊन काढा देऊन येणारा माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच, की लेकराच्या डोक्यात आधी भरून ठेवा, समजेल तेव्हा समजेल. माझं म्हणणं उलटं. माझ्या वर्गात सकाळी पोरी बसल्या की प्रत्येकीने आपला एक प्रश्न मोठ्याने सांगायचा. मग जिच्या तिच्या प्रश्नाप्रमाणे वेगळं बसायचं, वेगळं वाचायचं, वेगळं मोजायचं. एक पोर गणितात पुढे आणि वाचनात मागे असेल तर तिला मागे आणि पुढे एकदमच राहू द्यायचं. आणि पोरीने 'मी शोधते' म्हटलं, की उत्तर कुणी सांगायचं नाही, मीसुद्धा नाही. हे सगळं मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून आले असं गावात समजतात. तिथे मला शिकवलं ते खडू कसा धरायचा आणि हजेरी कशी घ्यायची. हे मी शिकले ते घनसावंगीला, आणि शिकले म्हणण्यापेक्षा तिथे मला जे शिकता आलं नाही त्यावरून.

घनसावंगीला माझे वडील पटवारी होते. गावातल्या शाळेत आम्ही नद्या पाठ करायचो. गोदावरी, तिचा उगम, तिच्या उपनद्या. एकदा तालुक्याहून कुणी साहेब आला आणि त्याने मला विचारलं, पोरी, तू गोदावरी पाहिली आहेस का? मी म्हटलं, न्हाई. माझ्या शेजारची म्हणाली, न्हाई. सगळ्या ओळीने न्हाई म्हटलं, आणि कुणीही हसलं नाही, कारण मास्तरांनाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. त्याच आठवड्यात आम्ही सगळ्या बैलगाडीत बसून पर्वणीच्या अंघोळीला गेल्तो, त्याच नदीवर. पण आमच्याकडे तिला गंगा म्हणतात. गंगेवर जायचं, गंगेचं पाणी आणायचं, गंगेला पूर आला. गोदावरी पुस्तकात होती. पुढे सतरा वर्षांची असताना पुण्यात नकाशावरच्या निळ्या रेघेवरून बोट सरकवत गेले आणि बोट आमच्या गावाजवळ येऊन थांबलं. मनात कुठेतरी ठाऊक असणारच, पण त्या दोन नद्या माझ्या डोक्यात तोवर एकमेकींना भेटल्या नव्हत्या. बाकीच्या मुली नकाशा गुंडाळून निघून गेल्या आणि मी तिथेच बसून रडले. कशासाठी ते कुणाला सांगता आलं नाही. दिवसभर हसूही येत होतं.

मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं थोडंच आहे. चौथीत बसले होते तेव्हा माझं लग्न ठरलं आणि मला वर्गातून उठवलं. पाटी तिथेच राहिली. चौदाव्या वर्षी नवरा गेला, त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही, हात आठवतो, लांब बोटांचा. भाऊ भालचंद्र हट्टाने मला पुण्याला घेऊन गेला आणि म्हणाला, तुला शिकायचं ते शीक. मी म्हटलं, मला चौथी शिकायची आहे. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

तर नाझिर साहेबांचं. दुपारी पोरी गेल्यावर नरहर मास्तर माझ्या खोलीत आले आणि दाराशी उभं राहून खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, एक इलाज हाय. साहेबानं सवाल केला का सगळ्या पोरींनी हात वर करायचा. जिला येतंय तिनं उजवा, जिला येत न्हाई तिनं डावा. आपण उजव्याला उठवायचं. वर्ग कसा भरल्यावानी दिसतो. म्या माह्या पोरींना शिकवून राह्यलो. तुम्ही बी शिकवा."

"आणि माझ्या पोरीने विचारलं, असं कशासाठी, तर काय सांगू?"

"सांगा का चौथीसाठी." मग ते जरा चाचरले. "बाई, तुमचं खरं असंल. पण चौथी न्हाई झाली तर त्या शेटच्या पोरीचं काय होणार, ठाव हाय ना तुम्हाला?"

ठाऊक होतं. त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. बद्रीनारायण शेटांची नात संतोष माझ्या वर्गात होती. दहा वर्षांची, काटकुळी, वेणी कायम तोंडात. इतर पोरी प्रश्न विचारतात तो उत्तर मिळावं म्हणून. ही प्रश्न धरून बसते, मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तशी. जिनिंगचा भोंगा आधी दिसतो की आधी ऐकू येतो, हा तिचा एक प्रश्न होता. तिने दोन पोरींना गच्चीवर उभं केलं, एकीला वाफेवर नजर ठेवायला आणि एकीला आवाजावर, आणि आठवडाभर भांडून ठरवलं की वाफ आधी. मग म्हणाली, बाई, मंग आवाज वाटेत कुठं थांबतो? मी उत्तर दिलं नाही. मला नीट येतही नव्हतं.

तिला शाळेत आणलं तेव्हाची गोष्ट. मी शेटांच्या घरी गेले होते. आतल्या बाजूला त्यांची बायको भंवरीबाई बसली होती, घुंगट कपाळापर्यंत, आणि ती एकसारखं म्हणत होती, पोरीला शाळेत घातलं की मग तिचं ठिकाण कसं लागायचं. शेटांनी शेवटी गादीवर हात आपटला. "बस. ऐका बाई. तुमची शाळा जितकी हाय, तितकी पोरगी शिकंल. शाळा पास झाली का घरी. त्याच्या आधी मी तिला उठवणार न्हाई. ही माझी जबान." बाजारात बद्रीनारायण शेटची जबान म्हणजे कापसाचा सौदा. भाव पडला तरी मागे घ्यायची नाही, असं त्यांचं नाव. पण शाळा जितकी आहे तितकी म्हणजे तिसरीपर्यंत. तेव्हा मला ते पुरेसं वाटलं होतं. आता सेलूकडचं एक ठिकाण येऊन बसलं होतं, पैसेवालं घर, मुलगा सोळा वर्षांचा, आणि भंवरीबाई पोर तिसरी पास व्हायची वाट बघत होती.

त्या रात्री मला झोप आली नाही असं म्हणायचं, पण झोप आली, नेहमीसारखी आली. निजण्याआधी मात्र मी पुष्कळ वेळ स्वतःशी भांडले. काय जाणार होतं माझं? चार दिवस सुभे, जिल्हे, बादशहांची नावं पाठ करून घेतली असती. पोरी हुशार, पाठ झालं असतं. सकाळी तो सूर ऐकून मलाच किती बरं वाटलं होतं! आणि खरं सांगायचं तर पाढे काही वाईट नाहीत, संतोष झटकन हिशेब करते ते मास्तरांनी दुसरीत घोकून घेतलेल्या पाढ्यांच्या जोरावर. मग अडत होतं कुठे? अडत होतं त्या डाव्या हातावर. माझ्या वर्गात 'येत न्हाई' म्हणणं ही रोजची गोष्ट होती. पोरी येत न्हाई असं सरळ म्हणत, आणि तिथून काम सुरू होई. एवढं एकच मी त्यांना खरोखर शिकवलं होतं. ते पुसून मी चौथी आणायची, तर त्या चौथीत बसवायचं कुणाला? माझा स्वभाव हट्टी आहे, आई म्हणायची की हिला नाही म्हणता येतं, हो म्हणता येत नाही. हा हट्ट आहे की दुसरं काही, हे मी त्या रात्री पुरतं ठरवू शकले नाही. ठरवलं एवढंच, की माझ्या पोरी हात वर करतील तर येतंय म्हणून करतील.

फसली सालाच्या बहमन महिन्यात, कडक थंडीत, नाझिर साहेब आले. उंच, दाढी पांढरी, शेरवानीचं वरचं बटण तुटलेलं. शिपाई कडूबाने त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. आधी मास्तरांच्या वर्गात गेले. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. साहेबांनी विचारलं, आठवड्याचे दिवस किती, आणि झाडून सगळे हात वर गेले. मास्तरांच्या कपाळावर थंडीत घाम. साहेबांनी हातांच्या रांगांवरून नजर फिरवली. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "जिन बच्चियों का बायां हाथ है, वो खडी हो जाव." कितीतरी पोरी उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "मास्तर साब, हम भी मदरसे में ही पढे हैं." मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मास्तरांची मान खाली गेली होती आणि छडी त्यांच्या हातात विनाकारण लांब वाटत होती. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

मग माझा वर्ग. साहेबांनी विचारलं, औरंगाबाद सुभ्यात जिल्हे किती? एकही हात वर नाही. पोरी शांत बसलेल्या, न घाबरता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात संतोष उभी राहिली, वेणी तोंडातून काढून म्हणाली, "साहेब, येत न्हाई. पण तुम्ही औरंगाबादहून आल्ते ना? कुठून कुठून हिंडून राह्यले, तेवढं सांगा. त्याच्यावरून म्या शोधते." साहेब हसले. खरंच सांगितलं त्यांनी, परभणी, नांदेड, बीड, परवा कुठे मुक्काम, उद्या कुठे, आणि ती जमिनीवर खडूने रेघा मारत गेली. मधेच तिने त्यांना थांबवून विचारलं की बीडला रेल्वे नाही तर तिथे तुम्ही जाता कसे. सगळा वर्ग भोवती जमला. शेवटी ती म्हणाली, "तुमचं औरंगाबाद धरून चार." मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. माझ्या आयुष्यात तेवढा आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे.

अंगणात येऊन साहेबांनी चहा घेतला. बद्रीनारायण शेटही येऊन बसले होते. साहेब म्हणाले, "लडकी होशियार है, बाई. माशाअल्ला. मगर निसाब?"

मी म्हटलं, निसाब म्हणजे पुस्तकात ठरवलेलं सगळं या पोरींना येईल, पण एकाच दिवशी सगळ्यांना एकच गोष्ट येणार नाही.

"वो मैं समझता हूं," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना खरंच समजलं होतं. "लेकिन मुझे जवाब गिनने का हुक्म है. सवाल गिनने का हुक्म नहीं." पेला खाली ठेवून ते उठले. "चौथी जमात की इजाजत इस बार मुश्किल है."

मास्तरांच्या पोरींचे उठलेले हात आणि माझ्या पोरींचे न उठलेले हात, दोन्ही एकाच हिशेबात गेले. मला ते फार लागलं. खोटं बोलणारा आणि खरं बोलणारा सारखेच नापास व्हावेत याचं मला लहान मुलासारखं वाईट वाटलं. साहेब टांग्यात बसून गेले, शेट तेवढे मागे राहिले. मग पगडी सारखी करत म्हणाले, "बाई, तुम्ही खूप केलं. आता खुर्दादमधी परीक्षा झाली का पोरगी घरी. सेलूवाले जल्दी करून राह्यले." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, एवढं मी सांगू शकते. पण सौदा संपल्यासारखं ते उठले.

त्यानंतरचे दिवस मी शिकवलं, अगदी नेहमीपेक्षा जास्त शिकवलं, पण संतोषकडे बघायचं टाळलं. गोजरने दोन्ही मातींच्या वीतभर भिंती घालून त्यांवर पाणी ओतून पाहिलं. काळ्या मातीला भेगा पडल्या, पांढरी टिकली, आणि तिने बापाला सांगून घराला पांढरीचा गिलावा द्यायला लावला. दुसऱ्या पोरींचेही प्रश्न एकेक करून सुटत होते, नवे येत होते. माझ्या मनात मात्र एकच. माझ्यासारखीच हीसुद्धा उठणार. हिची पाटी इथेच राहणार. मी ठरवलं की पुन्हा अर्ज करायचा, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, चौथी आणल्याशिवाय मी या वखारीतून हलणार नाही. पण ती चौथी येईल तेव्हा ही सेलूत पाणी भरत असेल. माणूस ठाम राहून एका पोरीला वाचवू शकत नसेल तर त्या ठाम राहण्याचं करायचं काय, असं वाटून भर वर्गात मला गलबलून यायचं, आणि मी फळा पुसायला वळायचे.

एके सकाळी प्रश्न सांगण्याच्या वेळी संतोष उभी राहिली. "बाई, जी पास होत न्हाई तिचं काय होतं?"

"ती त्याच वर्गात बसते," मी म्हटलं.

"किती वर्षं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला ते ठाऊकच नाही. किती वर्षं ते नियमात कुठे लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. पुढचं मला एका क्षणात दिसलं. तिचे डोळे माझ्यावर होते. मी काही बोलणार, हो म्हणणार की नको म्हणणार हे मलाच कळण्याआधी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. सांगू नका. म्या शोधते." आणि खाली बसून ती वेणी चघळायला लागली.

खुर्दादात, ऐन उन्हाळ्यात, परीक्षा झाली. एकाच्या वर्गाची तोंडी परीक्षा दुसऱ्याने घ्यायची अशी आमच्याकडे रीत, म्हणून माझ्या पोरींना नरहर मास्तर बसले. मी कोपऱ्यात. उन्हाने वखारीचे पत्रे कडकड वाजत होते. पोरी एकेक येत होत्या, उत्तरं देत होत्या, आणि मास्तर खुशीत होते, कारण माझ्या पोरींना त्यांना वाटलं होतं त्याहून पुष्कळ येत होतं. मग संतोष आली. मास्तरांनी हसून तिला सातचा पाढा विचारला, जो त्यांनीच तिच्या तोंडी बसवला होता.

"येत न्हाई," ती म्हणाली.

"कसं येत न्हाई? सात एके सात."

"येत न्हाई मास्तर."

त्यांनी बेरीज विचारली. येत नाही. वाचायला पुस्तक दिलं. तिने ते उलटं धरलं, आणि तिला जरा जास्तच झालंसं वाटून सरळ धरलं, पण वाचलं नाही. औरंगाबाद सुभ्यात जिल्हे किती? येत नाही. तिने नजर पुस्तकावरून वर उचलली नाही. हुशार पोरीला मूर्ख दिसणं किती जड जातं ते मी तिथे पाहिलं. मास्तरांचा चेहरा आधी लाल झाला. त्यांना वाटलं, पोर आपली थट्टा करते आहे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळा हलवला नाही. परीक्षा माझी नव्हती. त्यांनी छडी गुडघ्यावर आडवी ठेवली. नंतर एकदम घसा खाकरला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "नापास. बिलकुल नापास." आणि रुमालाने नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी शेट आले. वर्गात पोरी होत्या, ते दारातच उभे राहिले. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सगळी तिसरी पास अन् आमच्या घरचं पोर नापास? बाजारात तोंड दाखवायचं कसं म्या? अन् त्या सेलूवाल्याला काय सांगू?" ते थांबले. आवाज एकदम खाली आला. "परवा ही माझ्या गादीवर बसल्ती. मुनीमाचा हिशेब चुकला तर हिनं तोंडानं काढून दिल्ता. बराबर निघाला. मंग हे कसं?"

संतोष आपल्या जागेवर मान खाली घालून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत मी या खोलीत एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. ज्या खोट्याला मी नाझिर साहेबांपुढे नकार दिला, ज्याच्या पायी चौथी गेली, ते आता माझ्या ओठांवर येऊन उभं होतं, आणि मला स्वच्छ कळत होतं की हे सांगितलं की मास्तरांत आणि माझ्यात आता फरक दाखवता येणार नाही. म्हणू दे लोक. मी शेटांच्या डोळ्यांत बघितलं.

"बाई, तुम्ही सांगा," ते म्हणाले. "तुमचं म्या मानीन. पोरीला खरंच येत न्हाई का?"

"न्हाई येत," मी म्हटलं.

"काहीच?"

"काहीच न्हाई."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पोरीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. कापूस हातात घेऊन त्यातला ओलावा ओळखणारा माणूस तो. त्यांना काय कळलं आणि काय नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

"शाळा पास होईल तवर उठवणार न्हाई, म्हणल्तो म्या," ते हळूच म्हणाले. "जबान हाय." आणि उंबऱ्यावर चढवलेला पाय मागे घेतला. "मंग बसू द्या परत तिसरीत. यंदा चांगलं शिकवा, बाई."

"शिकवते," मी म्हटलं, आणि पोरींना म्हटलं, चला, आजचे प्रश्न सांगा.